बाळाचा डॉक्टर कसा निवडलात? (यादी केली, गुण दिले, दोघांना सारखेच पडले!)

खिडकीतली_मांजर
नमस्कार मंडळी. ३४वा आठवडा चालू आहे. पाळणा आणून झाला, झबली धुऊन घड्या घालून झाल्या, नावावरून एक भांडणही उरकलं. राहिलाय तो बाळाचा डॉक्टर. आमच्या प्रसूतितज्ज्ञ म्हणाल्या, "जन्माच्या वेळी इथे बालरोगतज्ज्ञ हजर असतातच, पुढे कुणाकडे न्यायचं ते तुम्ही ठरवा." ठरवते म्हटलं आणि वही घेऊन बसले.

दोन नावं आहेत. त्यांना आपण क्ष सर आणि य मॅडम म्हणू. क्ष सरांना ३० वर्षांचा अनुभव, नाव मोठं, ज्याला विचारावं तो म्हणतो "त्यांचा हातगुण आहे हो". पण नंबर लावून दोन तास बसायचं आणि आत चार मिनिटं. य मॅडमनी तीनेक वर्षांपूर्वी दवाखाना काढलाय. घरापासून चालत दहा मिनिटं. बाहेरची बाकं बहुतेक रिकामीच दिसतात आणि खरं सांगू, मला त्याचीच भीती वाटते. गर्दी नाही म्हणजे काहीतरी असेलच ना?

मी शिक्षण, अनुभव, अंतर, किती वेळ देतात, फोन उचलतात का, लशी तिथेच मिळतात का, असे रकाने पाडून गुण दिले. दोघांनाही ४१! नवरा म्हणतो नाणं उडव.

तुम्ही काय बघून ठरवलंत? आणि आता मागे वळून पाहताना काय बघायला हवं होतं असं वाटतं? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

जुनी_वही
अंतर. बाकी सगळं नंतर.

पहिल्या वर्षी लशी, वजन, सर्दी, पडणं, उगाचच वाटणारी शंका, सगळं धरून इतक्या खेपा होतात की पाऊण तास लांबच्या डॉक्टरकडे जायचा तुम्ही कंटाळा करणार. मी केला. "उद्या बघू" म्हणत दोनदा अंगावर काढलं आणि दोन्ही वेळा उद्यापर्यंत थांबायला नको होतं.

तिरपागडा
एवढा काथ्याकूट कशाला? ऑनलाइन स्टार बघा. हजार लोक खोटं बोलणार नाहीत.

गोगलगाय
@तिरपागडा, मी एकदा रात्री बसून एका डॉक्टरांवरचे सगळे अभिप्राय वाचून काढले होते. निम्मे पार्किंगबद्दल. पाव रिसेप्शनवरच्या मुलीच्या तोंडाळपणाबद्दल. उरलेल्यांत "खूप छान डॉक्टर, एका डोसात ताप उतरला". डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं का, हे एकानेही लिहिलं नव्हतं.

तिरपागडा
पार्किंगही महत्त्वाचं असतं हो. कडेवर तापलेलं पोर घेऊन चालून बघा.

रात्रपाळी
धागा उघडला आणि राहवलं नाही. मी ११ वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. डॉक्टर नाही, पण डॉक्टर बाळाला कसं हाताळतात ते रोज बघते, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी एक सोपी गोष्ट. नाव मोठं असो की छोटं, त्यांनी बालरोगशास्त्राचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय ना आणि नोंदणी चालू आहे ना, एवढं तपासा. ते झालं की पदव्यांची लांबी मोजू नका.

आता पहिल्या भेटीत काय बघायचं ते. बाळाला हात लावण्याआधी डॉक्टर हात धुतात का? बाळाचे सगळे कपडे काढायला लावतात का? झबलं वर करून स्टेथो टेकवला की झालं, याला नवजात बाळाची तपासणी म्हणत नाहीत. डोक्यावरची टाळू, डोळ्यांतली लाल चमक, तोंडातला टाळा, छाती, पोट, बेंबी, मांड्यांचे सांधे, पाठीचा कणा, सगळं बघावं लागतं. वजन उघड्या बाळाचं आणि दर वेळी त्याच काट्यावर करतात का? आणि ते वजन नुसतं कागदाच्या कोपऱ्यात लिहितात की वाढीच्या तक्त्यावर टिंब काढतात? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जे तक्ते काढले ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या मुलांवरून, तेव्हा "आमच्या घराण्यात मुलं बारीकच असतात" हे ऐकून तक्ता मिटणारा डॉक्टर मला चालत नाही. एका टिंबाला अर्थ नसतो. चार टिंबं जोडली की रेघ कुठे चाललीय ते कळतं.

पण बाळ पोटात असताना यातलं काहीच बघता येणार नाही. म्हणून दोघांकडे जा आणि एकच प्रश्न विचारा: "आम्ही तुम्हाला रात्री झोपेतून केव्हा उठवायचं?"

"काही होत नाही, काळजी करू नका" असं उत्तर आलं तर उठून या. "कधीही फोन करा" हेही मला अर्धवट वाटतं. ऐकायला गोड, पण नव्या आईला "कधीही" म्हणजे कधी ते कळत नसतं, हीच तर अडचण आहे. नीट डॉक्टर बोटं मोजून सांगेल: तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस (म्हणजे १००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, लागोपाठ पाजण्या सोडून देणं, उठवूनही न उठणं, शांत असताना मिनिटाला ६० च्या वर श्वास किंवा बरगड्यांखाली खड्डा पडणं, ओठ निळे दिसणं, पहिल्या २४ तासांतच आलेली कावीळ. शिवाय उठवायचं कुणाला, स्वतःला की इस्पितळाला, हेही तो सांगेल.

जुनी_वही
माझा प्रतिसाद मागे घेते. अंतर दुसरं, हा प्रश्न पहिला.

गोगलगाय
हातगुणाबद्दल बोलायचं आहे, कारण मी त्याच्यापायी वर्ष घालवलंय.

थोरलीच्या वेळी आम्ही असेच हातगुणवाले गाठले होते. नाक गळलं की अँटिबायोटिक. खोकला आला की अँटिबायोटिक आणि वर खोकल्याचं औषध. तीन-चार दिवसांत "गुण" यायचा आणि आम्ही घरभर त्यांचं कौतुक करायचो. वर्षाच्या वाढदिवसाला फडताळ आवरताना अर्धवट बाटल्यांची पिशवी भरली, तेव्हा कुठे मनात आलं की साधी सर्दी बहुतेकदा आठवड्याभरात आपली आपणच ओसरते, मग यातला गुण कुणाचा? सर्दी होते विषाणूंनी. अँटिबायोटिकला विषाणूंशी काही घेणंदेणं नसतं. जुलाब आणि अंगावरचं पुरळ मात्र आमच्या वाट्याला आलं.

डॉक्टर बदलले. नव्या बाईंनी पंधरा मिनिटं तपासलं, कान पाहिले, छाती ऐकली आणि म्हणाल्या, "औषध नको. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, दूध चालू ठेवा. श्वास जोरात चालला, ताप तीन दिवसांच्या पुढे गेला किंवा लघवी कमी झाली तर परत आणा." बाहेर आल्यावर माझ्या तोंडून निघालं काय, तर "मग फी कशाची घेतली?" आता स्वतःची लाज वाटते. पंधरा मिनिटांची आणि त्या तीन वाक्यांची घेतली होती.

तिरपागडा
म्हणजे चिठ्ठी कोरी दिली की डॉक्टर चांगला? माझ्या भाच्याला दोन महिन्यांचा असताना ताप आला आणि तासाभरात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. नसतं केलं तर?

रात्रपाळी
@तिरपागडा, तुमच्या भाच्याच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलं. इतक्या लहान बाळाच्या तापात रक्त, लघवी, प्रसंगी पाठीतलं पाणी तपासायला घेतात आणि निकालाची वाट न बघता औषध सुरू करतात. दोन महिन्यांच्या बाळाचा ताप आणि दोन वर्षांच्या पोराची सर्दी यांना एकच न्याय लावायचा नसतो. चिठ्ठी कोरी की भरलेली ते सोडा. "हे कशासाठी?" असं विचारल्यावर डॉक्टर चिडतो की सांगतो, ते बघा.

जाता जाता: पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर ठरतं. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. थेंबांची बाटली आणि चमच्याने द्यायचं औषध यांत एका मिलीलीटरमागे औषधाचं प्रमाण वेगळं असू शकतं, म्हणून "अर्धा चमचा द्या" असं मोघम सांगणाऱ्याकडून मिलीलीटरमध्ये लिहून घ्या. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरी औषध देऊन ताप झाकू नका. आधी दाखवा.

बापमाणूस
दोघांनी मिळून जा. आणि एक गंमत करा. प्रश्न बायकोने विचारायचा, डॉक्टर उत्तर कुणाकडे बघून देतात ते नवऱ्याने बघायचं. आम्ही ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो ते प्रत्येक उत्तर माझ्याकडे बघून देत होते. दिवसरात्र बाळाला पाजणारी ती, शी-शूचा हिशेब ठेवणारी ती, आणि मी तिथे पिशवी धरून उभा! परत गेलो नाही.

खिडकीतली_मांजर
@बापमाणूस, हे माझ्या रकान्यांत नव्हतं. वाढवते.

दोन_टोपल्या
जुळे, ३१व्या आठवड्यात झालेले. आता दोघं घरभर धिंगाणा घालतात, पण पहिलं वर्ष डॉक्टरांच्या दारातच गेलं.

मी बघेन ती एकच गोष्ट: पुढे पाठवायला न लाजणारा डॉक्टर. आमच्या डॉक्टरांनी दवाखान्यातून सोडतानाच कागद हातात दिला होता. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अमुक तारखेला, कारण लवकर जन्मलेल्या बाळांत पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि उपचाराची वेळ टळली तर दृष्टी जाऊ शकते. कानाची तपासणी पहिल्या महिन्यात, शंका आली तर निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, उपचार सहाव्या महिन्याच्या आत. धाकट्याची कानाची पहिली चाचणी नापास आली तेव्हा माझे हातपाय गळाले होते. डॉक्टर म्हणाले, "कानात पाणी असलं तरी अशी येते, पण मी अंदाजावर सोडणार नाही." दुसऱ्या जागी पाठवलं, पास झाला.

शिवाय लवकर झालेल्या मुलांचं वय ठरलेल्या तारखेपासून मोजून वाढ बघायची असते. हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी "अजून मान कशी धरली नाही?" म्हणून आम्हाला उगाच रडवलं. लशी मात्र जन्मतारखेवरूनच, फारसे अपवाद नाहीत.

मोकळं_आकाश
विषय निघालाच आहे तर, लशींचा आग्रह न धरणारे, थोडं लांबवू देणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? इतक्या लहान जिवाला इतक्या सुया... आणि ऑटिझमबद्दलही काय काय वाचलंय.

जुनी_वही
ते "काय काय" १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका लेखातून सुरू झालं. १२ मुलांवरचा लेख. २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला आणि लिहिणाऱ्या वेकफिल्ड यांची ब्रिटनमधली वैद्यकीय नोंदणीही गेली. नंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही.

लांबवलेल्या लशीचं म्हणाल तर डांग्या खोकला सगळ्यात धोकादायक असतो तो पहिल्या काही महिन्यांतच. तिथेच उशीर करायचा म्हणजे पाऊस थांबल्यावर छत्री उघडण्यातली गत.

रात्रपाळी
+१. पण @मोकळं_आकाश यांना कुणी हसू नका. सुया बघून माझ्याही पोटात कालवतं. लस टोचताना बाळाला अंगावर पाजू देणारा डॉक्टर शोधा, रडणं खरंच कमी होतं. आणि लशी कुठे ठेवता, वीज गेली तर काय करता, हे बिनधास्त विचारा. बहुतेक लशींना २ ते ८ अंश लागतात. लशींच्या फ्रिजमध्ये डबा आणि पाण्याच्या बाटल्या दिसल्या तर मी तिथे लस घेणार नाही.

कोरा_कागद
बरेच दिवस नुसती वाचत होते. हे लिहायलाच हवं म्हणून सदस्य झाले.

माझ्या बहिणीचा मुलगा. वजन छान, रडणं दणदणीत, सगळं व्यवस्थित. फक्त कावीळ दोन आठवडे उलटले तरी जाईना. पहिल्या डॉक्टरांना फोन केला, "अंगावर पिणाऱ्या बाळांना राहते थोडी, उन्हात धरा." तीन आठवडे झाले, पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. त्यात खोटं काही नव्हतं. अंगावर पिणाऱ्या बाळांची कावीळ खरंच रेंगाळते. पण त्यांनी बाळ बघायला मागितलं नाही.

पाचव्या आठवड्यात लशीसाठी ती घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी लस बाजूला ठेवली आणि विचारलं, "शी कुठल्या रंगाची होते?" बहीण म्हणाली, फिकट. "डायपर आहे का पिशवीत?" होता. त्यांनी तो उघडून उजेडात धरला. खडूसारखा रंग. त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं, त्यात बिलिरुबिनचा (काविळीत अंग पिवळं करणाऱ्या द्रव्याचा) कोणता भाग वाढलाय ते वेगळं मोजायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात. पित्तनलिका बंद होती. कासाई नावाची शस्त्रक्रिया असते, जपानी सर्जन मोरिओ कासाई यांच्या नावाची, यकृताला थेट आतड्याचा तुकडा जोडतात. ती साधारण ६० दिवसांच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता बरीच जास्त असते. त्याची ४४व्या दिवशी झाली. आज तो सहा वर्षांचा आहे. औषधं चालू आहेत, तपासण्या चालू आहेत, पुढे यकृत बदलावं लागू शकतं हेही आम्हाला माहीत आहे. पण शाळेत जातो आणि सायकलवरून पडतो.

तैवानमध्ये २००४ पासून बाळाच्या आरोग्य पुस्तिकेतच शीच्या रंगांचं कार्ड देतात, आईबापांनी ताडून बघायला. आपल्या डॉक्टरांकडे तसं कार्ड नसेल तर नसू दे. डायपर उघडून बघायची किळस नसलेला डॉक्टर निवडा.

दोन_टोपल्या
वाचून अंगावर काटा आला. भाच्याला खूप आशीर्वाद.

तिरपागडा
मी स्टारवालं मागे घेतो.

रात्रपाळी
@कोरा_कागद, सदस्य झालात ते बरं केलंत. दोन आठवड्यांच्या पुढे कावीळ दिसली तर रक्त तपासायचंच, बाळ कितीही गुटगुटीत असलं तरी.

आणि "उन्हात धरा"बद्दल. यात आम्हा नर्सबायांचा थोडा हात आहे. १९५६ मध्ये इंग्लंडात रॉचफर्डच्या इस्पितळात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बाहेर उन्हात न्यायच्या. एका बाळाचा चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला भागच तेवढा पिवळा राहिला होता, तो त्यांनी डॉक्टरांना दाखवला. त्यातून पुढे निळ्या प्रकाशाचे दिवे आले. म्हणजे ऊन निरुपयोगी नाही, पण किती मिळालं ते मोजता येत नाही, बाळ तापतं किंवा गारठतं, आणि मुख्य म्हणजे आईबापांना उपचार चालू आहे असं वाटत राहतं आणि तपासणी राहून जाते. कावीळ डोळ्यांनी ठरवायची नाही, मोजायची.

खिडकीतली_मांजर
मंडळी, दोन्हीकडे जाऊन आले. नवऱ्यासकट. वृत्तांत देते.

क्ष सरांकडे रिसेप्शनवरच अडले. "बाळ झालं की या." मी म्हटलं, बाळाच्या आईचा नंबर लावा. एक तास पन्नास मिनिटांनी आत गेलो. मनातून मी त्यांच्यावर काट मारूनच बसले होते. तर झालं भलतंच! प्रश्न विचारल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एका दमात यादी सांगितली, जवळपास रात्रपाळीताईंचीच. वर म्हणाले, "रात्री मी फोन घेत नाही. या वयात झोपेतून उठून सांगितलेला डोस चुकला तर? सरळ अमुक इस्पितळात जा, तिथे चोवीस तास बालरोग विभाग आहे." आणि बोलताना माझ्याकडे बघत होते! चार मिनिटं, पण चारही कामाची.

य मॅडमनी पंचवीस मिनिटं दिली. कागदावर लिहून दिलं, पहिल्या आठवड्यात शू किती व्हायला हवी त्याचा हिशेबही (पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा). मी एक कमी प्रचलित औषध घेते, ते चालू असताना अंगावर पाजता येईल का विचारलं. त्या म्हणाल्या, "मला आत्ता माहीत नाही. बघून सांगते." दुसऱ्या दिवशी फोन आला, आधार कुठला ते सांगितलं, माझ्या डॉक्टरांशी बोलायची परवानगी मागितली. निघताना मलाच विचारलं, "तुम्हाला झोप लागते का? मन कसं असतं?" मी एकदम रडायलाच लागले. का ते ठाऊक नाही. नवरा छताकडे बघत बसला.

आता सांगा. वही पुन्हा ४१-४१.

तिरपागडा
डॉक्टरला माहीत नाही म्हणजे अनुभव कमी. मी क्ष.

गोगलगाय
मला उलट वाटतं. आमच्या हातगुणवाल्यांच्या तोंडून "माहीत नाही" वर्षभरात एकदाही ऐकलं नाही, त्यांना सगळंच ठाऊक होतं. य.

बापमाणूस
"मला माहीत नाही" म्हणून गप्प बसणारे वेगळे आणि दुसऱ्या दिवशी फोन करणारे वेगळे. पण क्ष सरांचं "मी रात्री फोन घेत नाही" हेही मला तितकंच आवडलं. फोन घेतो म्हणून सांगून न घेणारे पुष्कळ पाहिलेत.

रात्रपाळी
आईच्या मनाची चौकशी बाळंतपणानंतरही करतात का बघा. एडिंबरोची दहा प्रश्नांची प्रश्नावली असते, १९८७ पासून वापरात आहे, पाच मिनिटांत भरून होते. बाळाचा डॉक्टर पहिल्या महिन्यांत आईला सगळ्यात जास्त वेळा भेटतो, त्याला दिसायला हवं.

आणि मांजरताई, एक विचारू? य मॅडम रात्री कुठे पाठवतात?

खिडकीतली_मांजर
...त्याच इस्पितळात. कागदावर लिहिलंय. मी बघितलंच नव्हतं.

रात्रपाळी
मग रात्र दोघांचीही सारखीच झाली की. ठरवायचं ते फक्त दिवसाचं.

जुनी_वही
आणि दिवसा चालत दहा मिनिटं. :)

खिडकीतली_मांजर
(पाच आठवड्यांनंतर)

एका हाताने टाइप करतेय, शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा. ३८व्या आठवड्यात मुलगी झाली. य मॅडम.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी दाखवायला नेलं. जन्माच्या वजनातून नऊ टक्के गेले होते आणि गाल पिवळे. मी तोपर्यंत वरच्या दुधाचा डबा आणायला नवऱ्याला पिटाळायच्या बेतात होते. मॅडम म्हणाल्या, "आधी इथे बसून पाजा, मला बघू दे." बाळ नुसतं टोक चोखत होतं. तोंड मोठं उघडल्यावर कसं लावायचं ते तिथेच दाखवलं, तीनदा. रक्त घेतलं, बिलिरुबिनचा आकडा बाळाच्या तासांच्या वयावर मांडून दाखवला. दिवे लावायच्या रेषेच्या खाली होता, पण जवळ. "दिवे नकोत, पण उद्या पुन्हा." दुसऱ्या दिवशी रविवार होता. दवाखाना बंद असून त्यांनी दहा मिनिटं उघडला. वजन ३५ ग्रॅम वाढलं होतं. त्या ३५ ग्रॅमवर आम्ही दोघं दिवसभर खूश. दहाव्या दिवशी जन्माचं वजन भरून निघालं.

सगळं गोड गोड नाही हं. दुपारी दोन ते चार त्यांचा फोन लागत नाही आणि आमच्या लेकीच्या सगळ्या शंका नेमक्या तेव्हाच निघतात. परवा काट्याची बॅटरी गेली होती, पाऊण तास थांबलो. शिवाय बाकं आता रिकामी नसतात.

कोरा_कागद
अभिनंदन! शीचा रंग?

खिडकीतली_मांजर
मोहरीच्या फुलासारखा पिवळा. रोज बघते. तुमच्यामुळे घरात दुसरा विषय नाही.

खिडकीतली_मांजर
कुणी जागं आहे का? पहाटेचे ३:४० झालेत. झोपेत कण्हतेय, कुंथतेय, लालबुंद होते, पाय पोटाशी घेते, मग गप्प. पुन्हा सुरू. इस्पितळात जाऊ का?

रात्रपाळी
आहे, नावच तसं आहे. ताप?

खिडकीतली_मांजर
३६.९. दूध एक वाजता आणि तीन वाजता प्यायली, नीट.

रात्रपाळी
दर श्वासाला कण्हतेय की मधूनमधून? ओठांचा रंग? बरगड्यांखाली खड्डा?

खिडकीतली_मांजर
मधूनमधून. ओठ गुलाबी. खड्डा नाही.

रात्रपाळी
दिवा लावा, अंगावरचं दुपटं काढा आणि पोट वरखाली होताना मोजा. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका, या वयात श्वास मध्येच थबकतो.

खिडकीतली_मांजर
४४. आणि आत्ता पादली.

रात्रपाळी
झोपा.